एब ब्लँचर्डचं विमान आणि एनिड ग्रमिटचा शब्द

एनिड ग्रमिटच्या तोंडून 'मला वाटतं' हे शब्द कुणी कधी ऐकले नव्हते. जुन्या विमानाचा फोटो तिच्यासमोर धरला की ती चष्मा कपाळावर ढकलायची, मान जराशी कलती करायची आणि नाव सांगून मोकळी व्हायची. कुणी नवखा सभासद "मला वाटतं, हे बहुतेक..." असं सुरू करायला लागला तर त्याचं वाक्य ती पुरं होऊ देत नसे.

"वाटायचं असेल तर रविवारी ये, तेव्हा इथं प्रार्थना असते. गुरुवारी इथं सांगायचं असतं."

प्रार्थनामंदिराच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एका गुरुवारी जुन्या विमानांच्या मंडळाची सभा भरायची. मी एनिडच्या शेजारच्या घरात राहते. चहाची किटली आणि मनुक्यांच्या पावाचे काप एवढंच माझं त्या सभेतलं काम, पण इतकी वर्षं किटलीमागे उभं राहून माणसाला बरंच दिसतं. जगभरातून फोटो यायचे. कॅनडातल्या कुणाच्या माळ्यावर सापडलेले, ऑस्ट्रेलियातल्या कुठल्या वाळवंटात काढलेले, कधी नुसतं मोडकं चाक आणि अर्धा पंख. पाठवणाऱ्याचा प्रश्न एकच: हे कुठलं? एकदा एका फोटोपुढे सगळ्यांनी डोकं धरलं होतं. हॉलमधली बारा डोकी बारा दिशांना. एनिड उशिरा आली, हातमोजे काढता काढता पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, "फोटो उलटा छापलाय. दार दुसऱ्या बाजूला असतं याचं." प्रोजेक्टरपाशी बसलेल्या सिरिल डॉबनीनं स्लाइड पालटून घातली आणि सगळ्यांना एकदमच नाव आठवलं. त्या दिवशी ती किटलीपाशी आली तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं पावाचा दुसरा काप घेतला. एरवी एकच घ्यायची.

ही नजर आली कुठून, तर लढाईतून, दुसऱ्या महायुद्धातून. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या आमच्या लिंकनशरला डोंगर असे नाहीतच. बिटाची शेतं जिथं संपतात तिथं आभाळ लागतं, आणि त्या आभाळातून तेव्हा रात्रंदिवस विमानं. एनिड शेतकऱ्याची मुलगी. विशी गाठायच्या आधीच तिनं टेहळणीच्या तुकडीत नाव घातलं. शेताच्या कडेला मातीच्या पोत्यांचा आडोसा, एक टेलिफोन, दोन माणसं. वरून काय गेलं ते ओळखायचं आणि कळवायचं. त्यांना शिकवायला एक सार्जंट यायचा. विमानांच्या नुसत्या काळ्या आकृत्या काढलेले पत्ते तो डोळ्यांसमोर आणून झटकन मागे घ्यायचा.

"तपासत बसू नका," तो सांगायचा. "आपली आई रस्त्यात लांबून येते तेव्हा नाक-डोळे तपासता का? दिसली की आईच."

एका संध्याकाळी एक विमान अगदी खालून, वेडंवाकडं आलं. एनिडबरोबर पहाऱ्यावर असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं शत्रूचं म्हणून टेलिफोन उचलला. एनिडनं त्याचा हात धरला. "आपलं आहे. शेपूट फाटलंय, म्हणून तसं दिसतंय." आपलंच निघालं. पलीकडच्या कुरणात ते उतरलं आणि आतली पोरं चालत बाहेर आली. ही गोष्ट ती क्वचितच सांगायची, पण सांगताना पाठ ताठ व्हायची.

लढाई संपली. तिनं पोस्टमन स्टॅनशी लग्न केलं, दोन मुलं वाढवली, शिवणकाम करून गावाचे कपडे बेतून दिले, आणि बसड्रायव्हर सिरिलबरोबर हे मंडळ काढलं. मंडळाचा एक नियम तिनंच घातलेला होता. फोटोत माणूस असेल तर त्याच्यावर आधी काळ्या कागदाची पट्टी लावायची. माणूस दिसला की डोळा त्याच्याकडे जातो: हसतोय का, टोपी कसली, कुणासारखा दिसतो. विमानाकडे बघायचं राहून जातं. नव्या सभासदांना हे जरा क्रूर वाटायचं. महिनाभरात तेच सवयीनं अंगठा माणसावर ठेवून फोटो बघायला लागायचे.

आता आयव्ही ब्लँचर्डबद्दल सांगायला हवं.

आयव्हीचे वडील एबनेझर ब्लँचर्ड, गावचे एब, हे गाड्या आणि चाकं करणारे सुतार. शेतमालाच्या चारचाकी गाड्या करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. त्यांचं म्हणणं असं की लढाईच्या बऱ्याच आधी, आयव्ही लहान असताना, त्यांनी आपल्या छपरात एक विमान बांधलं आणि एक उन्हाळा ते उडवलं. उडताना पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं, आयव्हीनंही ते नुसतं ऐकलेलं. छप्पर गावाबाहेर, आणि एब काही मिरवणारा माणूस नव्हे. नंतर इंजिन विकलं गेलं आणि विमानाच्या सांगाड्यात आयव्हीच्या आईनं कोंबड्या ठेवल्या. गावानं लक्षात ठेवलं ते कोंबड्यांचं. 'ब्लँचर्डचं खुराडं कधी उडणार' हा विनोद मी या गावात आले तेव्हाही चालू होता, आणि एबला जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. आयव्हीनं लग्न केलं नाही. तिच्याजवळ एक फोटो होता: विमानापुढे उभे वडील.

राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाच्या जत्रेत आमच्या मंडळानं टेबल मांडलं होतं. 'फोटो आणा, विमान ओळखून न्या.' बँड वाजत होता, रांग लागली होती, एनिड रंगात आली होती. आयव्हीनं रुमालातून फोटो काढून पुढे ठेवला. एनिडनं अंगठ्यानं माणूस झाकला.

"वेस्टलँड विजन. पुढे कोण?"

"माझ्या बाबांनी बांधलंय ते," आयव्ही म्हणाली.

"नाही गं. विजनच, वेस्टलँडच्या कारखान्यातलं. तेव्हा गावोगाव कसरती दाखवणाऱ्या विमानांच्या सर्कशी यायच्या ना, लोक शेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचे. माझ्या काकांचाही आहे तसला."

रांगेतलं कुणीतरी कोंबडीसारखं ओरडलं. लोक हसले. आयव्हीनं फोटो रुमालात गुंडाळला आणि ती निघून गेली. एनिडनं वर बघितलंसुद्धा नाही, तिच्या हातात पुढचा फोटो आला होता. त्या दिवसापासून आयव्ही तिला 'मिसेस ग्रमिट' म्हणायला लागली. एका वर्गात नसल्या तरी एका शाळेत शिकलेल्या या दोघी. आमच्या गावात शाळेतल्या मैत्रिणीला मिसेस म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

यानंतर काही वर्षांनी गावाचा नवा हॉल उभा राहिला. आतल्या एका भिंतीवर गावाचे जुने फोटो लावायचं ठरलं आणि ते काम सिरिलकडे आलं. आयव्हीनं तोच फोटो दिला आणि खाली काय लिहायचं तेही सांगितलं: एबनेझर ब्लँचर्ड, त्यांनी बांधलेल्या आणि उडवलेल्या विमानासह. सिरिल अडचणीत पडला. सरळ माणूस तो. एनिडनं एकदा विजन म्हटलंय, तर तो दुसरं कसं लिहिणार? त्यानं आयव्हीला विचारलं, 'सर्कशीच्या विमानासह' असं लिहिलं तर चालेल का?

"मग लावूच नकोस," आयव्ही म्हणाली. "माझा बाप खोटारडा होता असं भिंतीवर लिहिण्यापेक्षा भिंत मोकळी बरी."

सिरिलनं तो फोटो मोठा करून घेतला आणि एनिडकडे घेऊन आला. मी तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात होते. पडद्यांची खालची पट्टी घालून घ्यायला आले होते. त्याला तिच्याकडून फक्त एकदा 'हो, विजन' असं ऐकायचं होतं, म्हणजे आयव्हीला निर्धास्तपणे नाही म्हणता आलं असतं. एनिडनं सवयीनं माणसावर काळी पट्टी लावली, कापडाचे धागे मोजायचं भिंग घेतलं आणि टेबलावर वाकली.  मग भिंग सरकवत सरकवत पंखाच्या टोकापासून मध्यापर्यंत गेली, पुन्हा टोकाला आली.

"काय गं?" सिरिल म्हणाला.

"ऊन मागून आलंय. पंखाच्या कापडातून आतल्या लाकडी फासळ्या दिसतायत."

"मग?"

"सारख्या अंतरावर नाहीत. टोकाकडे विरळ, मधे दाट. कारखान्यात असं करत नाहीत, सिरिल. असं तो करतो, ज्याला लाकूड पुरवून वापरायचं असतं." तिनं भिंग खाली ठेवलं. "हे विजन नाही."

"तूच म्हणाली होतीस."

"मी म्हणाले होते. चूक म्हणाले होते."

सिरिलनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे बघ, कुणाला आठवतंय आता? मी म्हणेन फोटो फार अंधूक आहे, ठरवता येत नाही. तुझं नाव मधे यायला नको आणि आयव्हीचंही तोंड बंद."

"फोटो अंधूक नाहीये."

"एनिड, जगातून लोक तुझ्या शब्दावर फोटोंची नावं लिहितात. एकदा चुकलीस असं म्हणालीस की—"

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्या सार्जंटनं शिकवलं होतं, दिसली की आईच. पण जी बाई आपण कधी पाहिलेलीच नाही, ती दिसली तर? ओळखीतलीच कुणीतरी वाटणार. मला विजन माहीत होतं, म्हणून विजन दिसलं. एबनंही कुठंतरी विजन पाहिलं असणार, त्याच्यावरूनच बेतलंय त्यानं. आता चहा पी आणि गुरुवारी स्लाइड घेऊन ये."

तिच्या आवाजात कुठं कापरं नव्हतं. उलट मला ती जरा खूश वाटली. शिलाईत नडलेली घडी सापडली की शिंपिणीचा चेहरा होतो, तशी.

त्या गुरुवारी मंडळात नकारांचा फेरा झाला. ही तिचीच पद्धत. प्रत्येकानं एक नाव घ्यायचं आणि ते का नाही तेही त्यानंच सांगायचं. कारण देता आलं नाही तर साखरेशिवाय चहा. नावं येत गेली, पडत गेली. पंखांखालचे टेकू तसे नाहीत, बसायची जागा फार मागे आहे, चाकं तर मोटरसायकलची आहेत. शेवटी कुणाकडे नावच उरलं नाही. एरवी असं झालं की फोटो बाजूला ठेवायचा आणि म्हणायचं, आपल्याला ठाऊक नाही, कुणाला तरी असेल.

"म्हणजे सापडलं नाही," सिरिल म्हणाला.

"सापडलं की," एनिड म्हणाली. "आपल्याला काय वाटतं, जे उडालं ते सगळं आपल्या पुस्तकांत आहे? हे कुठल्याच पुस्तकात नाही. कारण हे एकच झालं. आता प्रश्न एवढाच की कुणी केलं."

"त्याचं उत्तर फोटो कसा देणार?"

"त्याचं सुकाणू बघ."

सगळ्यांनी शेपटीकडे बघितलं. सुकाणूची मागची कड खालून निघून पोटाशी फुगली होती आणि वर एकदम आत वळून टोकाला आली होती. एनिडला ती ओळखीची वाटत होती, पण विमानावरून नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन लेगटांच्या मळ्यावर गेली. त्यांच्या कोठारात एबनं केलेली एक जुनी गाडी होती, रंग उडालेली, पण समोरच्या फळीवर मळेकऱ्याचं नाव आणि कोपऱ्यात एबचं नाव अजून वाचता येत होतं. त्या फळीची वरची कड तशीच वळलेली. एनिडनं कपडे बेतायचा पातळ कागद फळीवर धरला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि पेन्सिलीनं कड उतरवून घेतली.

"सुताराकडे साचे दोन-चारच असतात," ती म्हणाली. "चांगली वळणं पुन्हा पुन्हा काढत बसत नाही कुणी. माझ्याकडे कॉलरचा एक आहे, अर्ध्या गावाच्या गळ्यात तोच आहे."

आठवडाभरात तिनं मंडळाला पुन्हा बोलावलं, ठरल्या दिवसाआधीच. असं कधी झालं नव्हतं. भिंतीवर तो कागद टाचून लावला. सिरिलनं स्लाइड टाकली आणि प्रोजेक्टर मागे ओढायला लागला. भिंतीवरचं सुकाणू मोठं होत चाललं.

"आणखी मागे."

"आणखी मागे कपाट आहे, बाई."

"मग कपाट हलव!"

चार जणांनी कपाट हलवलं. प्रोजेक्टर आणखी मागे गेला, सिरिलनं काच फिरवून चित्र स्पष्ट केलं, आणि सुकाणूची कड पेन्सिलीच्या रेघेवर येऊन बसली. पोटाशी फुगलेली, वर आत वळलेली. कुठं केसाइतकी सुटली नाही. सिरिलनंच टोपी काढून टेबलावर आपटली. "एब ब्लँचर्ड, म्हाताऱ्या!" तो म्हणाला, जसा काही एब मागच्या बाकावर बसला होता.

एवढं मोठं चित्र झाल्यामुळे आणखी एक गोष्ट दिसली. पंखाच्या पुढच्या कडेवर बारीक काळे ठिपके होते. सिरिलनं रुमाल काढला आणि स्लाइड पुसायला निघाला.

"धूळ बसलीय."

"पुसू नकोस!" एनिड ओरडली. "धूळ असती तर आभाळातही असती, गवतातही असती. फक्त पुढच्या कडेवर कशी बसेल?" ती भिंतीच्या इतकी जवळ गेली की विमानाचं चित्र तिच्या पाठीवर पडलं. "चिलटं आहेत. मागं कापणी झालेलं शेत बघ, पेंढ्या उभ्या आहेत. त्या दिवसांत आमच्या पहाऱ्यावर चहात पडायची ती. जागच्या जागी उभ्या विमानाला चिलटं अशी नाही चिकटत. हे उडून आलंय, आणि फोटोच्या थोडंच आधी."

मी किटली हातात घेऊन तशीच उभी होते. चहा ओतायचा राहिला आणि कुणी मागितलाही नाही.

हे सगळं घेऊन एनिड आयव्हीकडे जायला निघाली तेव्हा 'तू चल' म्हणाली. हातात मोठा केलेला फोटो होता. आयव्हीनं दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिली.

"मिसेस ग्रमिट."

"मी चुकले होते," एनिड म्हणाली. नमस्कार-चमत्कार काही नाही. "विमान विजन नाही. तुझ्या वडिलांनी बांधलंय. मला सिद्ध करता येतं."

आयव्हीनं तिच्या हातातल्या फोटोकडे बघितलं. मग बाजूला झाली. आत टेबलावर एनिडनं फोटो पसरला आणि फासळ्या, सुकाणू, गाडीची फळी, चिलटं, सगळं बोटानं दाखवून सांगितलं. आयव्ही हाताची घडी घालून ऐकत होती.

"म्हणजे बांधलं त्यांनी आणि उडालंही."

"हो."

"मग लिहा तसं. बांधलेल्या आणि उडवलेल्या."

एनिडनं मान हलवली. "बांधलेल्या, हे मी सांगू शकते. विमान उडालं, तेही सांगू शकते. पण उडवलं कुणी, हे विमान सांगत नाही, आयव्ही. त्या काळी सर्कशीतले वैमानिक थोड्याशा बिअरवर कुणाचंही विमान उडवून द्यायचे. एबनं स्वतः उडवलं असं मला वाट—" ती थांबली. "ते मला म्हणता येत नाही."

"कमाल आहे हं तुझी!" आयव्हीचा आवाज चढला. "दारात येऊन माफी मागतेस आणि वर अर्धाच बाप परत देतेस?"

"अर्धा खरा आहे तेवढा देते. उरलेला तुझी समजूत काढायला दिला, तर जत्रेत जे केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल."

आयव्ही फोटोकडे वळली. तिथं अजून ती काळी पट्टी होती. "आणि हे काय चिकटवलंयस त्यांच्या तोंडावर?"

"ती पट्टी. विमान बघताना माणूस—"

"तू बघितलंस का त्यांना? एकदा तरी?"

एनिडनं पट्टीकडे बघितलं. मीही विचार केला, आणि खरंच: जत्रेत अंगठा, स्वयंपाकघरात पट्टी, पडद्यावर पट्टी. इतक्या जणांनी तो फोटो इतक्या वेळा बघितला होता, त्यातल्या माणसाला कुणीच बघितलं नव्हतं.

आयव्हीनं नखानं पट्टी उचकटली. "हा फोटो काढला तेव्हा मी तिथं नव्हते, शाळेत होते. पण आई फोटो बघून दर वेळी हसायची. म्हणायची, घुबड आलं होतं त्या दिवशी जेवायला. मला वाटायचं ऊन डोळ्यांत गेलंय म्हणून तसं दिसतंय."

एनिडनं भिंग घेतलं. एबचा चेहरा काळवंडलेला होता, कपाळ, गाल, हनुवटी, गळ्यातला रुमालसुद्धा. फक्त डोळ्यांभोवती दोन गोल स्वच्छ पांढरे. हात मागे बांधलेले. माणूस अगदी गंभीर उभा होता, पण ओठ घट्ट दाबून धरलेले, हसू फुटू नये म्हणून.

"हे तेल आहे," एनिड हळूच म्हणाली. "बारीक बारीक ठिपके. उघड्या जागेत इंजिनामागे बसलं की तोंडावर उडतं. वैमानिकाचा चष्मा होता, तेवढा भाग सुटला. गळ्यातल्या रुमालावर एकाच बाजूला जास्त आहे, कारण पुढचं दिसत नाही म्हणून तो मान बाहेर काढून बघत होता." तिनं भिंग उचललं आणि पुन्हा टेकवलं. "शेजारी उभं राहून फोटो काढून घेणारा असा दिसत नाही. हा आत्ता खाली उतरलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यानंच उडवलं."

"वाटतंय, की सांगतेयस?"

"सांगतेय."

आयव्ही खुर्चीवर बसली. डोळे कोरडेच होते तिचे, पण हात टेबलावर सपाट ठेवले होते, दोन्ही, टेबल धरून ठेवल्यासारखे. मग म्हणाली, "तुम्हा दोघींना हॅसलेट आवडतं का? सकाळीच आणलंय," आणि उत्तराची वाट न बघता त्या मांसाच्या वडीबरोबर खायला पाव कापायला लागली.

हॉलच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सिरिलनं फोटोखालची पाटी एनिडला दाखवली. 'एबनेझर ब्लँचर्ड, बहुधा त्यांनी बांधलेल्या व उडवलेल्या विमानासह.'

"हे 'बहुधा' कशाला?"

"काळजी म्हणून गं. कुणी विचारलं तर."

"विचारलं तर माझ्याकडे पाठव." तिनं तिथंच पाटी नवी करायला लावली, आणि सिरिलनं केली.

उद्घाटनाला सगळं गाव होतं. दुसऱ्या मंडळांतले लोकही बऱ्याच लांबून आले होते, कारण बातमी पसरली होती. पाद्रीबुवांचं भाषण झाल्यावर एनिड उठली. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, की रौप्यमहोत्सवाच्या जत्रेत तिनं या फोटोला चुकीचं नाव दिलं होतं, सगळ्यांसमोर, आणि आता सगळ्यांसमोर बरोबर नाव सांगते आहे. "या विमानाचं नाव ब्लँचर्ड. असं दुसरं कुठंही झालं नाही. इंग्लंडमध्ये नाही, जगात नाही. मी आजपर्यंत जितकी विमानं ओळखली त्यांत सगळ्यांत दुर्मिळ हे, आणि ते इथलं आहे, आपल्या गावच्या सुतारानं केलेलं. ज्यांना कोंबड्यांबद्दल काही म्हणायचं असेल त्यांनी आधी एक बांधून उडवून दाखवावं."

हॉलमध्ये आधी थोडं हसू आलं आणि मग टाळ्या, अशा की काचा थरथरल्या. आयव्ही पुढच्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मागे वळून गावाकडे एकेक चेहरा धरून बघत होती, आणि ज्याच्याकडे बघेल तो आणखी जोरात वाजवत होता.

नंतर चहा झाला. आयव्ही फोटोशेजारून हलायला तयार नव्हती. एनिडही तिथंच, बशी हातात घेऊन. बाहेरगावच्या मंडळातले एक गृहस्थ, छातीवर विमानांचे बिल्ले लावलेले, गर्दीतून पुढे आले. पाटी वाचायच्या आधीच त्यांनी अंगठा एबच्या तोंडावर धरला, मान कलती केली आणि आनंदानं म्हणाले, "अरे वा! विजन!"

"नाही!" दोघी एकदमच ओरडल्या.

गृहस्थांनी दचकून अंगठा काढला. एनिडनं तोंड उघडलं होतं, पण आयव्ही पुढे झाली.

"इकडे बघा. आधी तोंड बघा माझ्या बाबांचं. मग या फासळ्या. सारख्या अंतरावर आहेत का? नाहीत. टोकाकडे दाट, मधे विरळ—"

"उलटं, आयव्ही," एनिड म्हणाली. "टोकाकडे विरळ."

"टोकाकडे विरळ," आयव्हीनं त्या गृहस्थांना बजावलं, जशी काही चूक त्यांनीच केली होती, आणि बोट सुकाणूकडे नेलं.